खाऱ्या हवेवर खापर फोडू नका

‘जुन्या कॉम्प्युटरचं नेट सारखं तुटत असेल तर खाऱ्या हवेने लॅन कार्ड (नेटची केबल जिथे लागते ते कार्ड) खाल्लं असं समजा. ड्रायव्हर विंडोज आपोआप टाकतं, नाहीतर एखादा ड्रायव्हर अपडेटर टाका. तरी नाही जमलं तर मशीन बदला.’ अशा अर्थाचा मेसेज आपल्या कोकणातल्या ग्रुपांवर फिरतोय, आणि त्यावर विसंबून लोक धडधाकट मशीनं भंगारात काढताहेत. मला याचा मनापासून राग येतो.

आधी खारी हवा. ती लोखंड खाते हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. पोर्टातल्या पिना काळवंडतात, हेही खरं. केबल हलवली की नेट येत-जात असेल, तर पिना साफ करा, जॅक बदला. पण मशीन स्लीपमधून उठलं की नेट गायब आणि रीस्टार्ट केलं की हजर, असं असेल तर गंजाला कशाला दोष देता? रीस्टार्ट केल्याने गंज निघत नाही. वीज वाचवायला विंडोजने कार्ड बंद केलं आणि ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते नीट चालू करता आलं नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. आमच्याकडच्या एका सेवा केंद्रात जेवणाच्या सुट्टीनंतर रोज हेच व्हायचं. सातबाऱ्यासाठी आलेली माणसं बाकावर ताटकळत बसायची. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडल्या, पॉवर मॅनेजमेंटमधली पहिली टिक काढली, आणि ते थांबलं. कार्ड अजून तेच आहे.

‘विंडोज आपोआप टाकतं’ हे अर्धसत्य आहे. विंडोज ड्रायव्हर निवडतं ते कार्डाच्या नंबरावरून. प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सखाली हार्डवेअर आयडी बघा: 10ईसी (10EC) म्हणजे रिअलटेक ही चिप बनवणारी कंपनी, पुढे 8139 असेल तर जुनं शंभर एमबीपीएसचं कार्ड, 8168 असेल तर गिगाबिटचं. आता गंमत नाही, त्रास बघा. 8168 हा एकच नंबर चिपच्या कित्येक आवृत्त्यांना दिलेला आहे. नंबर तोच, आतली चिप वेगळी. त्यामुळे नव्या आवृत्तीवर सुरळीत चालणारा ड्रायव्हर जुनीवर अडखळू शकतो. लिनक्सवाल्यांचीही यातून सुटका नाही: लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला, आर8169 हा ड्रायव्हर नेट तोडायला लागला की लोक रिअलटेकचा स्वतःचा आर8168 टाकून बघतात, कधी उलटही करतात. विंडोजच्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर आधी कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो.

त्यातून विंडोजच्या 32 बिट प्रकाराचा ड्रायव्हर 64 बिट विंडोजवर चालतच नाही, आणि विंडोज 11 तर फक्त 64 बिटमध्येच येतं. कंपनीने नवा ड्रायव्हर लिहिणं सोडलं की चांगलं कार्ड बेवारस होतं. हा निर्णय कंपनीच्या टेबलावर झालेला असतो. भुर्दंड मात्र गुहागर-देवगडच्या दुकानदाराला.

ड्रायव्हर आपोआप शोधून टाकतो म्हणणारा ड्रायव्हर अपडेटर अजिबात टाकू नका. वर सांगितलेला नंबर घ्या, चिप किंवा मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवा आणि चाललेली फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा. नेटच नसेल तेव्हा ती कुठून उतरवणार?

राहिलं ‘मशीन बदला’. त्याआधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, केबल तीच, कार्ड तेच. दिवसभर नेट टिकलं तर कार्ड शाबूत आहे, दोष विंडोजमधल्या ड्रायव्हरचा किंवा सेटिंगचा. तिथेही तुटलं तर केबल आणि राउटरचं पोर्ट बदलून पाहा.

कार्ड खरोखर मरतं ते अनेकदा आकाशातल्या विजेने. मृगाच्या तोंडावर किंवा परतीच्या पावसात कडाडलं, केबल लावलेलीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पोर्टाची लाईट लागत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड दिसतच नाही. तेव्हासुद्धा बदलायचं ते कार्डच. स्लॉट नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो, फक्त घेण्याआधी तुमच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर आहे का ते दुकानातच विचारा.