ढापा कोणत्या हेडला?

आमच्या नगरपरिषदेकडे पैसा नाही, असं जो म्हणतो तो नगरपरिषदेची पायरी कधी चढलेला नाही असं खुशाल समजावं. पैसा असतो. फक्त तुमचं काम ज्या हेडला, म्हणजे खर्चाच्या ज्या खात्याला बसतं, त्या हेडला नसतो.

हे ज्ञान मला एका ढाप्यामुळे प्राप्त झालं. आमच्या घरासमोर गल्ली जिथे वळते, तिथे गटारावर सिमेंटचा ढापा होता. गेल्या पावसाळ्यात पाण्याचा टँकर वळताना तो मधोमध खचला. अर्धा रस्त्यावर, अर्धा गटारात, आणि वर आलेल्या दोन सळ्या. शेजारच्या अण्णांनी त्या सळ्यांना सुनेची जुनी लाल ओढणी बांधली. आमच्या गल्लीत झालेलं ते पहिलं सार्वजनिक बांधकाम.

मी अर्ज लिहिला आणि आरोग्य विभागात गेलो. तिथल्या बाबूंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. मला भरून आलं. मग म्हणाले, "सर, गटारातला गाळ आमचा. ढापा बांधकामचा."

बांधकाम विभागातले अभियंता साहेब तरुण होते आणि त्यांना समजावून सांगण्याची आवड होती. त्यांनी माझाच अर्ज उलटा करून त्यावर आकृती काढली. केंद्राकडून पंधराव्या वित्त आयोगाचे शंभर रुपये आले, तर त्यातले ६० बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामालाच वापरायचे. त्यातही ३० पाण्याचे, ३० स्वच्छतेचे. इकडचे तिकडे चालत नाहीत. उरलेले ४० अबंधित, पण ते येण्याआधीच कुठे जायचे ते ठरलेलं असतं.

"गटार म्हणजे स्वच्छताच ना? मग बंधितमधून टाका," मी म्हणालो.

"गटार स्वच्छतेत येतं. पण ढाप्यावरून गाडी जाते, म्हणून ढापा रस्त्यात येतो."

"आणि उरलेला अर्धाही गटारात पडला तर?"

त्यांनी खरोखर विचार केला. "मग तो गाळ. आरोग्य विभाग."

तेव्हा प्रशासकांचा कारभार होता. निवडणुका रखडलेल्या, नगरसेवक माजी झालेले. माजी नगरसेवकाला काम सांगितलं की तो हळहळतो. "आम्ही असतो तर एका दिवसात टाकला असता," असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. ते होते तेव्हाच हा ढापा बसला होता, आणि त्यात सिमेंट किती होतं ते आता उघड्यावर दिसत होतं. पण माणूस हळहळत असताना असलं काही बोलू नये.

मग डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका लागल्या आणि ढाप्याला बरे दिवस आले. सगळ्या पक्षांचे उमेदवार येऊन त्याच्याकडे बघून गेले. एकाने त्याच्यासोबत फोटो काढला. एका ज्येष्ठ उमेदवाराने कार्यकर्त्यांच्या देखत तो ओलांडून दाखवला. आमची प्रत्येकाची तीन मतं होती, दोन मतं आपल्या प्रभागातल्या दोन सदस्यांना आणि एक थेट नगराध्यक्षांना, त्यामुळे गल्लीत चहाला तोटा नव्हता.

निकालानंतर कळलं की ढापा सीमेवर आहे. प्रभाग ७ आणि प्रभाग ८ यांची हद्द बरोबर त्या गटाराच्या मधून जाते. म्हणजे माझ्याकडची कड सातमध्ये आणि अण्णांकडची आठमध्ये. एका ढाप्याला चार नगरसेवक मिळाले, हे भाग्य आमच्या गावात पाण्याच्या टाकीलाही नाही. मी सातच्या ताईंना फोन केला. ताईंचा फोन भाऊ उचलतात. भाऊ म्हणाले, "काका, खचलेली बाजू आठची आहे." आठच्या दादांनी बुलेटवरून उतरून, मान तिरकी करून पाहणी केली आणि सांगितलं, "टँकर सातकडून वळला होता."

शेवटी अण्णा म्हणाले, अंदाजपत्रकाची सभा आहे, आपण जाऊन बसू. सभा लोकांना खुली असते. लोकांना हे ठाऊक नसतं, त्यामुळे ती शांतपणे खुली राहते. आम्ही दोघं मागच्या खुर्च्यांवर बसलो, तर शिपाई दोनदा येऊन विचारून गेला, "कोणाकडून?" शेवटी आम्हाला ठेकेदार समजून त्याने चहा दिला.

अंदाजपत्रक शिलकी होतं. ते तुटीचं मांडताच येत नाही, हे मला अण्णांनी कानात सांगितलं. ते सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. आधी खर्च लिहायचा, मग शिल्लक लिहायची आणि या दोन्हींना पुरेल एवढी घरपट्टी वसूल होणार असं जमेच्या बाजूला लिहायचं. घरपट्टी थकली की महिना २ टक्के शास्ती लागते. आमच्या गावातल्या बड्या थकबाकीदारांची शास्ती मुद्दलाच्या पुढे गेली आहे आणि ते शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट पाहत निवांत आहेत. मी एप्रिलमध्येच भरतो. माझ्या बिलात वृक्षकरसुद्धा असतो. गल्लीत एक वृक्ष आहे, तो अण्णांनी लावलाय.

पहिला मोठा विषय निघाला गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभारण्याचा. वाचून होण्याआधीच "मंजूर, मंजूर" झालं आणि बाकं वाजली. अध्यक्षांच्या खुर्चीमागे महात्मा फुल्यांची तसबीर आहे, मी तिच्याकडे बघत होतो. जोतीराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय आला. ३२ सदस्यांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. खर्च मंजूर झालाच. आमच्याकडे तेवढासुद्धा खोळंबा झाला नाही.

भांडण झालं ते कमानीवर नाव कोणाचं यावरून. आणि काय भांडण! चाळीस वर्षांपूर्वीचे नगराध्यक्ष, त्यांचे चुलते, एका बाजूच्या गटनेत्यांचे आजोबा, सगळ्या दिवंगतांची इतक्या बारकाईने उजळणी झाली की तेराव्याला जेवल्यासारखं वाटलं. एक सदस्य माइक घेऊन अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत आले. वायर तेवढी लांब नव्हती, त्यामुळे त्यांचा अर्धा आवेश परत जागेवर गेला. विरोधकांनी "आम्ही ३०८ करू" अशी गर्जना केली. म्हणजे नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन ठराव अडकवू. हे ऐकल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी शांतपणे पाणी प्यायलं. त्यांना बदली होईपर्यंत फक्त कागद नीट ठेवायचे असतात.

आमचा ढापा आला तेव्हा दुपार टळून गेली होती. सातचे नगरसेवक म्हणाले, आठने टाकावा. आठचे म्हणाले, सातने टाकावा. नगराध्यक्षा अनुभवी घरातल्या. त्यांनी लेखापालांना विचारलं, हेड आहे का? लेखापाल म्हणाले, हेड उघडता येईल. मग टाळ्यांच्या गजरात हेड उघडलं आणि त्याखाली टोकन, म्हणजे नावापुरती तरतूद ठेवली: रुपये एक हजार. अण्णा म्हणाले, "एवढ्यात ओढणी नवी येईल."

पण मार्चअखेर नावाची एक ताकद आहे. जे वर्षभर कोणाला जमत नाही, ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दिवे लावून होतं, कारण न खर्चलेला पैसा परत जाईल ही भीती वित्त आयोगापेक्षा जुनी आहे. "प्रभाग क्र. ७ मध्ये ठिकठिकाणी ढापे टाकणे" हे एक काम निघालं. दुसरं निघालं, "प्रभाग क्र. ८ मध्ये ठिकठिकाणी ढापे टाकणे." ठेकेदार वेगळे. भूमिपूजनं दोन झाली, एकाच सकाळी, तीन हातांच्या अंतरावर. दोन्हीकडचे नारळ गटारातच फुटले आणि आरोग्य विभागाच्या हद्दीत गेले.

सातच्या ठेकेदाराने आपल्या हद्दीपर्यंत ढापा टाकला. आठच्याने आपल्या हद्दीपर्यंत. दोन्ही ढापे मजबूत आहेत, खोटं बोलणार नाही. फक्त आठचा चार बोटं उंच आहे आणि दोघांच्या मध्ये, बरोबर मध्यरेषेवर, स्कूटरचं चाक अलगद बसेल एवढी फट आहे. पहिलं चाक आठच्या दादांच्या बुलेटचं अडकलं. त्या दिवशी गल्लीला बरं वाटलं.

मी पुन्हा अभियंता साहेबांकडे गेलो. आता ओळख झाली आहे, खुर्ची देतात.

"कामात दोष निघाला तर ठरलेल्या मुदतीत ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा असतो ना?" मी विचारलं.

"अर्थात." त्यांनी दोन मोजमाप पुस्तकं, म्हणजे एम.बी. काढली, माझ्यासमोर उघडून ठेवली आणि दोन्हीकडच्या लांबी-रुंदी-जाडीवर पेन फिरवलं. "बघा, सातचं काम मापात आहे. आठचंही मापात आहे. दोघांची बिलं निघाली."

"आणि फट?"

"फट कोणाच्याच एम.बी.त नाही, सर." मग त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढून माझ्याकडे सरकवला. "अर्ज करा. पण आधी एक ठरवा, नवीन काम म्हणून करताय की दुरुस्ती म्हणून? दोन्हींची हेडं वेगळी आहेत."