गेम बनवायला ‘गेमिंग’ मशीनच लागतं? यादीतला एकेक मुद्दा तपासू

गेम डेव्हलपमेंट शिकायला निघालेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी एक यादी पाठवतंच. तिचा सारांश असा: नवे गेम ज्या मशीनवर सुसाट पळतात त्याच मशीनवर गेम बनवता येतो, म्हणून बजेटचा मोठा हिस्सा ग्राफिक्स कार्डावर घाला; रॅम ३२ जीबीच्या खाली नको; लॅपटॉप घ्यायचा तर गेमिंगचाच; सेकंडहँड मशीन म्हणजे पैसे पाण्यात; आणि पुढच्या पाच वर्षांचा विचार करून आत्ताच सगळ्यात वरचं मॉडेल उचला. यादी निव्वळ खोटी असती तर एवढी टिकली नसती. पण हात आखडता असलेला माणूस ती वाचून एक तर चुकीच्या भागावर पैसे ओततो, नाहीतर तेवढी रक्कम जमेपर्यंत काहीच सुरू करत नाही.

ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. गेम खेळणाऱ्याचं मशीन सेकंदाला ६० वेळा चित्र काढण्यात गुंतलेलं असतं. बनवणाऱ्याचा दिवस वेगळा जातो: कोड लिही, सेव्ह कर, कंपाइल (कोडचं मशीनला कळणाऱ्या रूपात रूपांतर) होईपर्यंत थांब, टेक्श्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) इंपोर्ट होईपर्यंत थांब, बिल्डची, म्हणजे चालवता येणाऱ्या तयार गेमची, वाट बघ. हे थांबणं कोणामुळे होतं ते बघा. युनिटी या गेम इंजिनात (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्क्रिप्ट बदलली की सी-शार्प भाषेतला कोड कंपाइल होतो आणि एडिटर सगळा कोड पुन्हा लोड करतो. ते काम प्रोसेसरचं. अनरियल या दुसऱ्या इंजिनात नवा प्रोजेक्ट उघडला की कोपऱ्यात हजारो शेडर (पृष्ठभागाचा रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होत असल्याचा आकडा हळूहळू उतरत जातो. ‘शेडर’ म्हटल्यावर हे कार्डाचंच काम असणार असं वाटतं, पण कंपाइल करणाऱ्या प्रक्रिया प्रोसेसरच्या कोअरवर चालतात आणि महागडं कार्ड तेवढा वेळ जवळपास स्वस्थ बसून असतं. सी-प्लस-प्लसचा बिल्डही तसाच. म्हणजे यादी ज्या भागावर सर्वाधिक खर्च करायला सांगते, तो भाग तुमची वाट बघण्याची वेळ फारशी कमी करत नाही.

शिवाय ‘गेम’ म्हणजे कुठला गेम? स्टारड्यू व्हॅली २०१६ साली आला, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने सी-शार्पमध्ये लिहिलेला. अंडरटेल २०१५ सालचा, गेममेकर इंजिनात केलेला. २०२४ सालचा बालाट्रो लुआ भाषेत, लव्ह नावाच्या छोट्याशा फ्रेमवर्कवर उभा आहे. असं चित्र काढायला प्रोसेसरमध्येच बसलेलं ग्राफिक्स पुरतं. गोडॉट इंजिनचा ‘कंपॅटिबिलिटी’ रेंडरर (चित्र काढणारा भाग) ओपनजीएल ३.३ या जुन्या ग्राफिक्स मानकावर चालतो, म्हणजे दशकभर जुन्या साध्या मशीनवरही.

कार्ड खरंच कुठे लागतं? अनरियल ५ मध्ये ल्यूमेन (प्रकाशासाठी) आणि नॅनाइट (बारीक आकारांसाठी) ही जड तंत्रं चालू ठेवून काम करायचं असेल, ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स या रेंडररने रेंडर काढायचे असतील, लाइटमॅप (प्रकाशाचा आधीच काढून ठेवलेला हिशेब) कार्डावर बेक करायचे असतील, तर लागतं. पण तिथेही मॉडेलच्या नव्या-जुन्या आकड्याआधी कार्डाची स्वतःची मेमरी बघावी. एनव्हिडियाचं २०२१ साली आलेलं आरटीएक्स ३०६० मूळ आवृत्तीत १२ जीबी मेमरीचं होतं. २०२३ सालचं ४०६० आलं ते ८ जीबी घेऊन. खेळणाऱ्याला नवं कार्ड जास्त फ्रेम (सेकंदाला जास्त चित्रं) देईल. पण इंजिन, ब्लेंडर आणि टेक्श्चर रंगवायचं सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडं ठेवणाऱ्याला जुनं कार्ड सोयीचं पडू शकतं, कारण ही सगळी त्याच मेमरीत दाटीवाटीने बसतात.

(कमजोर मशीनवर बनवलं की गेम आपोआप हलकाफुलका होतो, असंही काहीजण ऐकवतात. अर्धंच खरं. सेकंदाला ६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात, आणि एडिटर उघडा असताना त्यातला काही वाटा एडिटरच खातो. वेग मोजायचा तो तयार बिल्डमध्ये.)

रॅमच्या मुद्द्यात यादी बरीचशी बरोबर आहे. ८ जीबीवर इंजिन, कोड एडिटर आणि ट्यूटोरियलच्या दहा टॅब उघडल्या की मशीन रॅममध्ये न मावणारा डेटा डिस्कवर हलवत बसतं आणि मग काहीच धड चालत नाही. पण अनरियलसाठी ते बनवणारी एपिक कंपनी सुचवते ती ३२ जीबी सगळ्यांना लावायची गरज नाही. टू-डी आणि लहान थ्री-डी कामाला १६ जीबी नीट पुरते. यादीतली खरी उणीव वेगळी आहे: रॅम वाढवता येते का, हे ती विचारतच नाही. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिथे आज घेतलं तेवढंच कायमचं, आणि तिथे मात्र जास्तच घ्यावी. स्लॉट असतील तर १६ वर सुरुवात करून पुढे वाढवा. आणखी एक बारकावा, जो दुकानदार सहसा सांगत नाही: वेगळं कार्ड नसेल तर ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, आणि एकाच १६ च्या स्टिकऐवजी ८-८ च्या दोन लावल्या की डेटाची वाट दुप्पट रुंद होते. पुढच्या वाढीसाठी एक स्लॉट रिकामा ठेवावा हा हिशेब मला पटतो, पण वेगळं कार्ड नसताना मी दोन स्टिकच घेईन.

यादीत डिस्कचा उल्लेखच नाही, याचं मला सर्वात जास्त आश्चर्य वाटतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद नुसते वाट बघण्यात जातात, हेड सरकायचा वेळ वेगळाच. युनिटीचा ‘लायब्ररी’ फोल्डर हजारो बारीक फायलींचा असतो. दहा हजार फायलींना दरवेळी एवढं थांबावं लागलं तर ४० सेकंद निव्वळ चकती फिरण्यात गेले. चिपवर डेटा साठवणाऱ्या एसएसडीत फिरणारं काही नाहीच. एसएसडी एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) घ्यावी की साटा (जुन्या, मंद जोडणीची), यावर लोक तावातावाने भांडतात. कागदावर फरक मोठा दिसतो, पण हार्ड डिस्क सोडून कुठल्याही एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो त्याच्यापुढे तो किरकोळ आहे. जागेत मात्र काटकसर नको. अनरियल एकटंच कित्येक जीबी व्यापतं, युनिटीची प्रत्येक आवृत्ती वेगळी बसते. २५६ जीबी लवकर भरते, ५१२ पासून पुढे बघा.

आता ‘गेमिंग’ लॅपटॉप. डब्यावरचं नाव इथे सरळ दिशाभूल करतं. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कशावरही चालवू शकते. नाव तेच, काम वेगळं. डेस्कटॉपचं ४०७० १२ जीबीचं, लॅपटॉपचं ८ जीबीचं. स्क्रीनचंही तसंच: १४४ हर्ट्‌झ (सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलतं) मोठ्या अक्षरांत छापतात आणि रंगांचा पल्ला एनटीएससी या रंगमानकाच्या ४५ टक्केच असल्याचं तपशिलाच्या तळाशी बारीक लिहितात. अशा पडद्यावर जमवलेले रंग चांगल्या पडद्यावर भडक निघतात. एकाच टेबलावर बसून काम करायचं असेल तर डेस्कटॉपच घ्यावा. तेवढ्याच पैशांत तो जास्त देतो आणि लांबलचक कंपाइलमध्ये तापून मंदावत नाही. रोज बरोबर न्यायचंच असेल तर दोन रॅम स्लॉट असलेला साधा लॅपटॉप मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

सेकंडहँडला सरसकट नाकारणं हा यादीतला सर्वात महागात पडणारा सल्ला. कार्यालयांतून निघालेले डेस्कटॉप बहुधा फारसे ताणलेले नसतात, आणि त्यांत एसएसडी व रॅम घालणं सोपं असतं. पण डोळे उघडे ठेवून घ्या. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे मागतं ते टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्याहून जुनं मशीन मिळालं तर लिनक्स टाका. गोडॉट, ब्लेंडर आणि युनिटीचा एडिटर तिघेही तिथे चालतात. विंडोजवर इंटेलच्या सहाव्या पिढीआधीच्या अंगभूत ग्राफिक्सवर व्हल्कन हे नवं ग्राफिक्स मानक चालत नाही, म्हणजे गोडॉटचा ‘फॉरवर्ड प्लस’ रेंडरर विसरायचा. छोट्या डब्याच्या डेस्कटॉपमध्ये पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचा आणि कमी वॅटचा असू शकतो, मोठं कार्ड बसतच नाही. पैसे देण्याआधी बायॉसला (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या सेटिंगला) जुन्या मालकाचा पासवर्ड नाही ना ते बघा, डिस्कचं आरोग्य तपासा आणि अर्धा तास पूर्ण लोड देऊन तापमान पाहा.

पाच वर्षांचा विचार करायला हरकत नाही, पण तो आत्ताच महागडं कार्ड घेऊन होत नाही. सुरुवात करणाऱ्याला वर्षभराने आपण टू-डीत रमलो की अनरियलमध्ये, हे कळलेलं असतं. कार्ड तेव्हा घ्यावं. आज जागा ठेवा: कार्डासाठी एक मोकळा स्लॉट, पुरेसा पॉवर सप्लाय. वाचलेल्या पैशांतून बॅकअपसाठी बाहेरची डिस्क घ्या आणि मोबाइल गेम करणार असाल तर चाचणीसाठी एक साधासा अँड्रॉइड फोन. मोबाइलचे ग्राफिक्स चिप चित्राचे तुकडे पाडून एकेक तुकडा रंगवतात, त्यांची गणितं डेस्कटॉपपेक्षा निराळी. कार्डावर न अडखळणारे एकावर एक पारदर्शक थर फोनला धाप लावू शकतात, आणि ते कुठल्याही मोठ्या पीसीवर बसून कळत नाही.

आयफोनसाठी बनवायचं असेल तर अख्खी यादीच बाद होते. शेवटचा बिल्ड एक्सकोड या ॲपलच्या सॉफ्टवेअरमधून निघतो आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. तगडं विंडोज मशीन घेतलं तरी ही अट चुकत नाही. अशांनी मॅक मिनीपासून बघायला सुरुवात करावी, आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढत नाही हे ऑर्डर देतानाच लक्षात ठेवावं.