शिक्षकेतरांना समाधानी कसं ठेवाल?

कॉलेजचा कारभार तुमच्या हाती आलाय ना? मग शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा व्यावसायिक विकास आधी उरकून घ्या. रिक्त जागा, रखडलेल्या बढत्या असल्या भानगडीत पडू नका, सरळ कार्यशाळा ठेवा. विषय ‘तणावमुक्त कामकाज’, मुहूर्त प्रवेशअर्जांच्या शेवटच्या दिवसाचा. बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली आणि आत लिपिक डोळे मिटून दीर्घ श्वास घेतायत, म्हणजे प्रात्यक्षिकाची वेगळी सोय नको.

वक्ता बाहेरचाच हवा. एकाच मुलीचं नाव दोन प्रकारे नोंदलं गेलं की निकाल का अडतो, हे परीक्षा विभागातल्या बाईंना तोंडपाठ असतं. त्यांना मागच्या रांगेत बसवा. प्रयोगशाळेतल्या परिचराचंही तेच. कुठल्या ब्युरेटची तोटी गळते हे त्याला न बघता ठाऊक असतं. बॅच यायच्या आत तो ती बाजूला काढतो आणि नव्या सरांनी द्रावण चुकीचं बनवलं तर मुलांसमोर न बोलता बाटली बदलतो. याला कौशल्य म्हणायचं नाही. प्रमाणपत्र कुठंय?

थोडा सिद्धान्तही हाताशी ठेवा. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलं की पगार, धोरणं, कामाची परिस्थिती नीट असली तर असमाधान टळतं, पण तेवढ्याने समाधान मिळत नाही. यातला उत्तरार्ध मोठ्या अक्षरात लिहून केबिनमध्ये लावा. पगारवाढीचा अर्ज आला की बोट दाखवायला बरं. समाधान कशाने मिळतं, तर कामाची कदर, जबाबदारी, बढती, असंही तो सांगतो म्हणा. पण इतकं खोलात कोण जातं?

प्रशिक्षणाचं मूल्यमापन मात्र शास्त्रोक्त हवं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी त्याच्या चार पायऱ्या सांगितल्यात: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. तुम्ही पहिल्या पायरीवरच बैठक मारा. ‘अभिप्राय भरल्याशिवाय प्रमाणपत्र नाही’ एवढं जाहीर केलं की सगळे ‘उत्कृष्ट’वर खूण करून मोकळे होतात.

राहता राहिलं समाधानाचं सर्वेक्षण. ते पूर्णपणे निनावी ठेवा. नाव अजिबात विचारू नका. फक्त विभाग, पद आणि सेवेची वर्षं विचारा. ग्रंथालयात लिपिक एकच असला म्हणून काय झालं?