तांब्यातला मी

तांब्याच्या तांब्याचा फोटो काढायचा, एवढंच काम होतं. वहिनींनी पुण्यातल्या कसब्याच्या तांबट आळीतून मठारकामाची, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेली, भांडी आणून ऑनलाइन विकायचा घाट घातला आणि घरात बरा कॅमेरा असलेला एकमेव इसम म्हणून मी पकडला गेलो. साइटची अट होती, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र हवी. म्हणजे फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे तिन्ही आकडे कमाल, 255. इतकं पांढरं आमच्या घरात काही नव्हतं. आजोबांचं धोतर धरूनसुद्धा.

मग दोन स्ट्रोब म्हणजे मोठे फ्लॅश, त्यांचा प्रकाश मऊ करणारे कापडी खोके म्हणजे दोन सॉफ्टबॉक्स, स्टँड आणि कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारा ट्रिगर एका दिवसाच्या भाड्याने आणले. सॉफ्टबॉक्स उघडणं म्हणजे वाऱ्याने उलटलेली छत्री सरळ करणं. फक्त या छत्रीच्या काड्या डोळ्यांवर नेम धरून असतात. दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही उभे केल्यावर मी, तांब्या आणि पलंग यांपैकी दोघांनाच जागा उरली. पलंग बाहेर गेला. त्याच्याबरोबर आईची दुपारची झोपही गेली.

पहिला फोटो अर्धा काळा आला. तांब्याला खंडग्रास ग्रहण. चूक माझीच, शटर 1/500 सेकंदावर होतं. शटरला दोन पडदे असतात, पहिला उघडत जातो आणि दुसरा त्याच्यामागून मिटत येतो. माझ्या कॅमेऱ्यात 1/200 सेकंदापर्यंत अख्खा रंगमंच उघडा असल्याचा एक क्षण मिळतो. त्यापुढे घाई केली की पहिला पडदा पुरता सरकायच्या आत दुसरा निघतो आणि नेमकी तेव्हाच स्ट्रोबची वीज चमकते.

चमकते म्हणजे अशी की समोरच्या इमारतीतल्या काकूंनी दोरीवरचे कपडे भराभर काढले. ऑगस्ट महिना, त्यांचंही बरोबर. पाच मिनिटांनी परत घातले. मी परत चमकवलं. चौथ्या खेपेला त्या गॅलरीत येऊन आभाळाकडे बघत म्हणाल्या, "मेलं गडगडत कसं नाही?"

या विजेची मौज अशी की ती सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते. अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी अशाच स्ट्रोबने 1957 साली दुधाच्या थेंबाचा उसळलेला मुकुट टिपला होता. आमच्याकडे अख्खं पातेलं उतू जातं तरी कुणाला दिसत नाही.

शटर 1/200, लेन्सचं छिद्र बारीक, एफ 11, आणि आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायची संवेदनशीलता, 100. आता तांब्या पूर्ण दिसला. त्यात मीही दिसलो. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे शाळेत सपाट आरशावर शिकवलं होतं. तांब्याला पोट असतं. शिवाय मठाराचा एकेक ठोका म्हणजे एकेक स्वतंत्र आरसा. त्या शेकडो आरशांत शेकडो मी होतो, रासलीलेतल्या कृष्णासारखा, पण बनियनवर. माझ्या मागे पंखा, कॅलेंडर आणि दारात उभ्या वहिनी.

"भावोजी, मी जराशी बाजूला होऊ का?"

"तुम्ही कुठेही गेलात तरी यात दिसणारच, वहिनी."

त्यांनी तांब्या उचलून पदराने पुसला. बोटांचे ठसे उमटले. मग चिंच, मीठ, धुणं, पुसणं आणि पुन्हा तोच कोन शोधणं. यात एक तास गेला.

शेवटी धोतर निघालं. तांब्याभोवती त्याचा तंबू ठोकला आणि प्रकाश बाहेरून सोडला. लेन्सपुरतं भोक पाडू का विचारल्यावर आईने जे पाहिलं माझ्याकडे, त्यानंतर मी निमूटपणे दोन निऱ्यांमधून कॅमेरा आत घातला. प्रतिबिंबं गेली. मी गेलो, पंखा गेला, कॅलेंडर गेलं आणि त्यांच्याबरोबर तांब्याची चमकही गेली.

"हे मातीचं वाटतंय," वहिनी म्हणाल्या. खरंच वाटत होतं. कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीने, त्याआधी त्याचं पितळ करून झालं होतंच. प्रकाशाच्या रंगाचा आकडा हाताने 5500 केल्विनवर बांधला तेव्हा धातू निदान तांब्याच्या गावाला आला.

मग कळलं की चकाकत्या वस्तूची चकाकी म्हणजे तिच्यात दिसणारी दुसरी वस्तूच. सगळी हाकललीत तर वस्तू मुकी होते. म्हणून कडा उठून दिसाव्यात यासाठी दोन्ही बाजूंना काळा कार्डपेपर लावला, डावीकडचं धोतर वीतभर सरकवलं आणि तेवढ्या फटीतून सॉफ्टबॉक्सला आत डोकावू दिलं. तांब्याच्या गुळगुळीत गळ्यावर उभी, पांढरी, रेखीव पट्टी उमटली. एकदम मूर्तिमंत तांबं! त्या एका पट्टीसाठी मी साडेतीन तास सॉफ्टबॉक्स बोटबोटभर सरकवत होतो. काकूंचे कपडे तोवर घरातच वाळले.

फोटो साइटने घेतला. तांबे विकलेही गेले. महिन्याभराने त्यातला एक परत आला. सोबतची तक्रार वहिनींनी मला वाचून दाखवली : "फोटोत गळ्यावर पांढरी पट्टी आहे. मिळालेल्या तांब्यावर नाही."

"तांबट आळीत विचारून येऊ का, भावोजी?" त्या म्हणाल्या. "पट्टी लावून देतात का ते?"