‘विंडोजमध्ये वायफाय आपोआप चालतं’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही चिडून लिहिलंय आणि चिडण्यासारखंच आहे. लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी सिस्टीम) टाकलं, वायफाय दिसेना. म्हणून मिंट पुन्हा टाकलं. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बसवला, तरी नाही. शेवटी यूएसबीला लावायचा नवा वायफाय डोंगल आणला, तर तो ‘सीडी’ म्हणून दिसतोय. वर लिनक्सवर वायफाय चालू करण्याबद्दलच्या माझ्या लेखात कमांडच कमांड. ‘विंडोजमध्ये हे आपोआप चालतं, लिनक्स म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग,’ असं तुम्ही शेवटी सुनावलंय.

उद्योग कोणाचा ते नंतर बघू. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: ‘रीस्टार्ट करताना निळा स्क्रीन आला, कंटिन्यू करून पुढे गेलो.’ माझ्या अंदाजाने तुमचं वायफाय तिथेच अडलंय.

तो स्क्रीन म्हणजे एरर नव्हे. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची डिजिटल सही तपासण्याची सोय) चालू असेल, तर मिंटचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सही असलेलेच ड्रायव्हर आत घेतो. तुम्ही बसवलेला ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार होतो, त्याच्यावर सहीही तिथल्याच किल्लीने होते, आणि ही किल्ली तुमचीच ना, एवढं तो निळा स्क्रीन विचारत असतो. बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता, आठवतंय? ‘एनरोल एमओके’ (एमओके म्हणजे मशीन ओनर की, मशीनमालकाची किल्ली) निवडून तो द्यायचा असतो. स्क्रीन दहा सेकंद थांबतो, कुणी काही दाबलं नाही तर निघून जातो. ‘कंटिन्यू बूट’ केलं की किल्लीची नोंद होत नाही. ड्रायव्हर डिस्कवर पडून राहतो आणि मॉडप्रोब या कमांडने हाताने लोड करायला गेलात तर उत्तर मिळतं, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’.

म्हणून टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ ही कमांड चालवा (अर्थात इंग्रजी अक्षरांत), पासवर्ड ठरवा, रीस्टार्ट करा आणि या वेळी निळ्या स्क्रीनसमोर बसून राहा. सिक्युअर बूट सरळ बंद करणं हाही मार्ग आहे. पण त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल आणि त्यात बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर आधी रिकव्हरी की लिहून घ्या. नाहीतर विंडोज ती मागत बसेल आणि मग तुम्ही मला दुसरी प्रतिक्रिया लिहाल.

पुन्हा इन्स्टॉल करण्याबद्दल मात्र स्पष्टच बोलतो: दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. माझ्या लेखात कमांड आहेत त्या याचसाठी. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवली की वायफाय कार्डाच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ दिसते किंवा दिसत नाही. नसेल तर दुखणं ड्रायव्हरचं. असेल तर ड्रायव्हर शोधत फिरण्यात अर्थ नाही, मग वायफाय कुठे बंद केलेलं नाही ना हे सांगणारी ‘आरएफकिल लिस्ट’ बघा. काही लेनोवो लॅपटॉपवर वायफायचं बटणच नसताना तिथे ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ (म्हणजे बटणाने बंद) आलेलं आहे, आणि त्याचं मूळ आयडियापॅड-लॅपटॉप नावाच्या कर्नलच्या एका मॉड्यूलमध्ये निघालं. हे पुन्हा इन्स्टॉल करून कसं सुटणार? लॅपटॉपचं मॉडेल सांगूनही फारसं कळत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं सर्रास असतात. कार्डाचा आयडी हवा.

आता विंडोज. तिथे ‘आपोआप’ चालतं कारण लॅपटॉप बनवणाऱ्याने ड्रायव्हर आधीच भरून दिलेला असतो. लिनक्ससाठी हे काम बरीच वर्षं कुणी केलं नाही, हा तुमचा राग रास्त आहे. ब्रॉडकॉमने स्वतःचा मुक्त (सोर्स कोड खुला असलेला) ड्रायव्हर दिला तो २०१०मध्ये. तोवर लोक बी४३ हा, कंपनीचा ड्रायव्हर कसा चालतो ते उलगडून लिहिलेला ड्रायव्हर वापरत होते आणि त्याला लागणारं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या ड्रायव्हर फाइलीतून कापून काढत होते! शिवाय त्या मुक्त ड्रायव्हरमध्ये कंपनीची सगळी कार्डं बसत नाहीत, म्हणून तर तुम्हाला आजही तो वेगळा ड्रायव्हर बसवावा लागला. डेबियन या दुसऱ्या लिनक्सने तर २०२२मध्ये यावर मतदान घेतलं, तेव्हा कुठे जून २०२३च्या बुकवर्म या आवृत्तीपासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं, मुक्त नसलेलं फर्मवेअर येऊ लागलं. माझ्या मते हा निर्णय फार उशिरा झाला. वायफायचं फर्मवेअर वायफायवरून डाउनलोड करा, असं नवख्याला सांगणं ही थट्टाच होती.

मी सुचवलेल्या मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगला (फोनचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला देण्याला) तुम्ही ‘जुगाड’ म्हणालात. असेल. पण अँड्रॉइड फोन केबलने जोडून टेदरिंग चालू केलं की लिनक्स त्याला वायरचं कनेक्शन समजतं, आणि ड्रायव्हर उतरवायला याहून सोपी वाट मला तरी माहीत नाही.

राहिला डोंगल. तो बिघडलेला नसावा. बरेच स्वस्त डोंगल आधी विंडोज ड्रायव्हरची सीडी म्हणून हजेरी लावतात. ‘एलएसयूएसबी’ या कमांडमध्ये ०बीडीए:१ए२बी हा आयडी दिसला, तर तो रिअलटेक कंपनीचाच. फाइल मॅनेजरमध्ये त्या ‘सीडी’वर इजेक्ट करा, बऱ्याचदा तेवढ्याने तो वायफायच्या रूपात येतो. नाही आला तर हेच काम करणारं यूएसबी-मोडस्विच हे सॉफ्टवेअर वापरावं लागेल. खोक्यावरच्या ‘लिनक्स सपोर्टेड’वर जाऊ नका, अनेकदा त्याचा अर्थ जुन्या कर्नलसाठीचा सोर्स कोड एवढाच असतो. बदलून मिळत असेल तर मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप असलेला मागा. तिचा ड्रायव्हर २०१८च्या ४.१९ कर्नलपासून आतच आहे.

किल्ली नोंदवूनही वायफाय आलं नाही, तर ‘एलएसपीसीआय’ आणि ‘आरएफकिल’ या दोन्हींचं आउटपुट इथेच टाका. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटोही चालेल, फक्त आयडीचे आकडे नीट वाचता यायला हवेत.