रिव्ह्यूला उत्तर: एक बटण आणि २१ दिवस

नमस्कार मालक,

तुमच्या चादरी-टॉवेलच्या दुकानाच्या ॲपचं काम आम्ही केलं, त्यावरचा तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय, "गुगल लॉगिनचं एक बटण लावायला २१ दिवस आणि १४,००० रुपये घेतले, वर गिऱ्हाइकांची खाती उडवली, ऐन गड्ड्याच्या यात्रेत तोंडघशी पाडलं." तुम्हाला त्रास झाला हे खरं आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बार्शीच्या दुकानदाराने तुमच्या गादीवर बसून मोबाइल पुढे केला आणि त्यात ॲपवर बाकी शून्य, मागच्या ऑर्डरीही दिसेनात. ते बघून तुमच्या पोटात गोळा आला असणार.

ती चूक आमचीच. तुमच्या ॲपमध्ये ४१२ गिऱ्हाइकांची नोंद मोबाइल नंबरवर आहे, ईमेल जेमतेम ६० जणांचा. गुगल लॉगिन म्हणजे वेगळा पासवर्ड न टाकता गुगलच्या खात्यानेच ॲपात शिरायचं. तसं केल्यावर गुगलकडून नाव आणि ईमेल येतो, मोबाइल नंबर येत नाही. त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकाने ते बटण दाबलं की डेटाबेसला तो नवा माणूस वाटला आणि त्याचं दुसरं, कोरं खातं उघडलं. "तुम्ही आमचे जुने गिऱ्हाईक आहात का?" हा एक प्रश्न आधी विचारायला हवा होता. आम्ही तो विचारला नाही. अशी ३७ खाती दुबार झाली.

पण मालक, उडालं काहीच नाही. जुनी खाती, चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी, उधारी, सगळं जिथल्या तिथं होतं. रोज रात्री २ वाजता बॅकअप निघतो, तोही त्याच संध्याकाळी तुम्हाला उघडून दाखवला होता. "उडवली" हा शब्द तुम्ही त्यानंतर लिहिलात, याचं वाईट वाटलं.

आता २१ दिवसांचं. हे मला सविस्तर सांगावंच लागेल, कारण आमच्या ऑफिसचं नाव शोधलं की आता पहिला तुमचाच रिव्ह्यू दिसतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराशी बोलणं जवळपास ठरलं होतं, त्यांनी "बघू नंतर" म्हणून फोन ठेवला. माझ्याकडे तीन पोरं कामाला आहेत.

काम २० डिसेंबरला घेतलं, ८ दिवस सांगितले होते. २७ तारखेला आमच्या बाजूचं तयार होतं. बटण दिसतं एक, पण त्याच्यामागे गिऱ्हाइकांच्या टेबलला, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींच्या तक्त्याला जोडून दुसरं टेबल करावं लागलं: कुठल्या कंपनीचं लॉगिन, त्या कंपनीने त्या माणसाला दिलेला क्रमांक आणि आपल्याकडचं खातं. ईमेल बदलू शकतो, तो क्रमांक बदलत नाही, म्हणून ओळख त्याच्यावर ठेवायची. शिवाय तुमच्या जुन्या टेबलमध्ये पासवर्डचा रकाना रिकामा चालतच नव्हता आणि गुगलने येणाऱ्याचा पासवर्ड आपल्याकडे कधी येतच नाही. तेही बदललं. टेस्टिंगला आमच्या सगळ्या फोनवर लॉगिन झालं.

अडलं पुढे. ॲप प्ले स्टोअरवर चढलं की स्टोअर त्याच्यावर आपली सही करतं. त्या सहीचा ठसा, शा-वन म्हणतात त्याला, गुगलच्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये नोंदवल्याशिवाय स्टोअरवरून घेतलेल्या ॲपात लॉगिन होत नाही. आमच्या लॅपटॉपवरच्या सहीचा ठसा वेगळा, तो तिथं उपयोगाचा नाही. स्टोअरचा ठसा दिसतो प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे स्टोअरवरचं ॲप सांभाळायच्या गुगलच्या पानावर, आणि तुमच्या कन्सोलचा ओटीपी येतो तुमच्या पुतण्याच्या मोबाइलवर. पुतणे हैदराबादला होते. २८ डिसेंबरपासून मी रोज फोन करत होतो. दोनदा नवी पेठेत तुमच्या दुकानात येऊन बसलो, तुम्ही चहा पाजलात, "आज सांगतो त्याला" म्हणालात. ओटीपी मिळाला ६ जानेवारीला. हे ९ दिवस कुणाच्या खात्यावर लिहायचे, ते तुम्हीच सांगा. पुतण्यांवर राग नाही, त्यांचीही कामं असतील. पण रिव्ह्यूमध्ये २१ चा आकडा आला आणि हे ९ दिवस आले नाहीत. पुढचे ४ दिवस आमचे, चाचणीचे. ते मान्य.

तुम्ही फोनवर म्हणालात, नाव बघून खाती जोडून टाकायची होती, पाच मिनिटांचं काम. मालक, तुमच्याच यादीत एकाच नाव-आडनावाची चार गिऱ्हाईकं आहेत, त्यातली दोन तर एकाच पेठेतली. नावावर जोडलं असतं तर एकाची उधारी दुसऱ्याच्या मोबाइलवर दिसली असती. म्हणून एकेकाला फोन करून, त्याच्या जुन्या नंबरवर ओटीपी पाठवून मगच खातं जोडलं. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी सगळं गाव संमती कट्ट्याकडे निघालं होतं, तेव्हा आमच्या ऑफिसात दोघं जण हेच करत बसले होते. त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. ठरलेल्या १४,००० मधले ४,००० अजून यायचे आहेत, तेही मी मागितलेले नाहीत.

यापुढे कुठलंही काम घेताना कन्सोल आणि ओटीपी कुणाकडे आहेत हे आधी लिहून घेऊ, टेस्टिंगही आणखी नीट करू. जुन्या गिऱ्हाइकाला आता गुगलने आल्यावर पहिल्यांदा मोबाइल नंबर विचारला जातो, तो बदल चालू झाला आहे.

३७ पैकी ३५ खाती जोडून झाली. उरलेल्या दोघांचे जुने नंबर बंद आहेत, ते तुमच्याच ओळखीने मिळतील. शनिवारी दुपारी दुकानात असाल तर लॅपटॉप घेऊन येतो, तुमच्यासमोर दोन्ही जोडतो. पुतण्यांना तेवढं फोनजवळ राहायला सांगा.