क्रम लिहा रे, क्रम!

रात्री पावणेबाराला फोन. "दादा, सर्व्हरवर तीन लाइव्ह पॅच दिसतायत, शेवटचा कुठला लावलाय?" वर्षभरातली ही पाचवी खेप. (लाइव्ह पॅच म्हणजे मशीन चालू असतानाच लिनक्सच्या गाभ्याला, कर्नेलला, लावलेली दुरुस्ती.) वहीत बघावं तर एकच ओळ: "पॅच लावला." कुठला, कधी, कशावर चढवला, काहीच नाही!

अरे, लाइव्ह पॅचनं जुनं फंक्शन, म्हणजे कोडचा तो तुकडा, पुसलं जात नाही. कर्नेलमधलीच एफट्रेस नावाची सोय त्याची हाक वाटेतच अडवून नव्या फंक्शनकडे वळवतं, म्हणून तर रीबूट लागत नाही. एकाच फंक्शनवर दोन पॅच आले की ते एकावर एक रचले जातात आणि चालतं सगळ्यात वरचं. म्हणजे क्रम बदलला की चालणारा कोडच बदलला. त्यात एखादा 'रिप्लेस'वाला असेल तर आधीचे सगळेच बाद. आणि हे लिहायचा कंटाळा?

कर्नेल ६.१४ पासून सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नेल आपली माहिती दाखवतो त्या फायलींमध्ये, प्रत्येक पॅचचा 'स्टॅक ऑर्डर' वाचता येतो, मोठा आकडा तो वरचा. पण आमची मशिनं जुन्या कर्नेलवर. तिथं यादी दिसते ती नावांची, क्रमाची नाही. वहीशिवाय आधार कुणाचा?

इथं सोलापुरात चादरीच्या जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, पत्ते नंबरानं ओवतात. एक पत्ता मागंपुढं झाला की नक्षी बिघडते, हे मागावरच्या नव्या पोरालाही कळतं. आमच्या शिकल्यासवरल्या पोरांना का कळू नये?

आज सकाळी पुन्हा वही उघडली. कालच्या तारखेला नवी ओळ होती: "अजून एक पॅच लावला."